पासान्नान्तेला मिळालेली दया

१८७८ साली इटलीचा राजा उम्बेर्तो पहिला याच्यावर चाकूहल्ला करणाऱ्या जोव्हान्नी पासान्नान्तेचे नाव तेथे निघाले की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू त्याला दक्षिणेतल्या गोरगरिबांचा कैवारी आणि हुतात्मा म्हणते, तर दुसरी बाजू राजावर चाकू उगारणारा माथेफिरू म्हणून त्याला निकालात काढते. त्याच्या मृत्यूनंतर ९७ वर्षांनी, २००७ साली, संग्रहालयात ठेवलेली त्याची कवटी आणि मेंदू जन्मगावी पुरण्यात आले, तेव्हा हेच घडले. हल्ल्यानंतर नाव बदलण्यात आलेल्या त्या गावाला त्याचे जुने नाव परत द्यावे की नाही, या प्रश्नावरही हेच घडत आले आहे. नाव परत मागणारे आधी पासान्नान्तेला वीर ठरवायला निघतात, आणि विरोधकांना त्यामुळे आयतेच उत्तर सापडते: मारेकऱ्याचा गौरव आम्ही का करावा? माझे म्हणणे असे आहे की, तो वीर होता की माथेफिरू, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. त्याचे कृत्य चुकीचे होते, एवढेच नव्हे तर राजकीयदृष्ट्या आत्मघातकी होते, हे पुरते मान्य केल्यावरही इटलीच्या राज्यसंस्थेने त्याचे, त्याच्या आईचे आणि त्याच्या गावाचे जे केले त्याचा हिशेब शिल्लकच राहतो. गावाच्या नावाचा प्रश्न त्या हिशेबातला आहे.

पासान्नान्तेचा जन्म १९ फेब्रुवारी १८४९चा, बाझिलिकाता प्रांतातल्या साल्व्हिया नावाच्या डोंगरी खेड्यातला. दहा भावंडांतला तो शेवटचा. लहानपणी हात भाजून कायमचा अधू झाला. शाळा नावापुरती, वाचायला-लिहायला तो बहुतेक आपले आपणच शिकला. गुरे राखणे, खानावळीत भांडी घासणे, मग स्वयंपाकी होणे, असा त्याचा प्रवास साल्व्हियाहून पोतेन्झा, सालेर्नो आणि शेवटी नेपल्सपर्यंत झाला. मॅझिनीच्या प्रजासत्ताकवादी विचारांनी तो भारावला होता आणि १८७० साली राजसत्तेविरुद्ध पत्रके चिकटवताना सापडून त्याने तुरुंगही पाहिला होता. सालेर्नोत त्याने 'लोकांची खानावळ' या नावाने एक खानावळ काढली, आणि ती चालवताना पुष्कळांना फुकट जेवू घातले. ती १८७७च्या अखेरीस बंद पडली, याचे आश्चर्य वाटायला नको. त्याच्या तरुणपणी इटलीच्या नव्या राज्याने दळणावर कर बसवला होता. जात्यातून पीठ निघण्याआधी सरकारचा वाटा द्यायचा, ही गोष्ट ज्यांचे सगळे अन्नच भाकरीचे होते त्यांना किती झोंबली असेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. १८६९ साली या करावरून देशभर दंगली उसळल्या आणि सरकारने त्या लष्कर पाठवून मोडल्या.

१७ नोव्हेंबर १८७८ रोजी नवा राजा उम्बेर्तो पहिला, राणी मार्गेरिता (जिच्या नावाचा पिझ्झा आज आपल्याकडेही गल्लोगल्ली मिळतो, तीच) आणि पंतप्रधान बेनेदेत्तो कैरोली यांची उघडी बग्गी नेपल्सच्या रस्त्यावरून चालली होती. अर्ज द्यायला यावा तसा पासान्नान्ते बग्गीजवळ आला. हातातल्या लाल फडक्यात लहानसा चाकू होता. अंगातले जाकीट देऊन त्याने तो मिळवला होता. फडक्यावर राजाला मृत्यू, विश्वप्रजासत्ताकाचा आणि ओर्सिनीचा जयजयकार, असा मजकूर होता. राजाच्या डाव्या दंडाला ओरखड्यासारखी जखम झाली, राणीने हातातला पुष्पगुच्छ हल्लेखोराच्या तोंडावर फेकला, कैरोलींनी त्याचे केस धरले आणि त्या झटापटीत त्यांच्या मांडीत चाकू घुसला. एका घोडदळ अधिकाऱ्याने डोक्यात तलवार हाणली आणि पासान्नान्ते पकडला गेला. सारा प्रकार काही क्षणांचा होता.

या कृत्याचे समर्थन करणाऱ्यांनी कैरोलींच्या मांडीतल्या त्या चाकूकडे जरा थांबून पाहावे. कैरोली हे कोणी दरबारी खुशमस्करे नव्हते. गॅरिबाल्डीच्या हजार स्वयंसेवकांपैकी ते एक, आणि त्यांचे चार भाऊ इटलीच्या एकीकरणाच्या कामी बळी पडलेले. त्यांचे मंत्रिमंडळ हे तोवरच्या मंत्रिमंडळांत सर्वांत उदारमतवादी म्हणावे असे होते. गुन्हा घडल्यावर शासन करू, पण घडेल या धास्तीने सभा आणि संघटनांवर आधीच बंदी घालणार नाही, हे कैरोली आणि गृहमंत्री झानार्देल्ली यांचे धोरण होते. पासान्नान्तेच्या चाकूने राजा मेला नाही, पण हे मंत्रिमंडळ मात्र महिन्याभरात कोसळले. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लॉरेन्समध्ये राजनिष्ठांच्या मिरवणुकीत बॉम्ब फुटून माणसे मेली, आणि उदार धोरणाचीच ही फळे आहेत, असे म्हणणाऱ्यांचा आवाज संसदेत चढला. राजाचा जीव वाचवल्याबद्दल कैरोलींना सुवर्णपदक मिळाले आणि त्याच डिसेंबरात संसदेने त्यांना घरी बसवले.

हे वर्षच तसे होते. मे आणि जून १८७८मध्ये बर्लिनला सम्राट विल्हेल्म पहिला याच्यावर दोन हल्ले झाले. पहिला साफ फसला, दुसऱ्यात सम्राट जबर जखमी झाला. हल्लेखोरांना समाजवादी पक्षाने धाडलेले नव्हते. पहिल्याला तर पक्षाने आधीच बाहेर काढले होते. पण बिस्मार्कला पुराव्याशी काय देणेघेणे? त्याने संसद विसर्जित केली, नव्या निवडणुका लढवल्या आणि ऑक्टोबरमध्ये समाजवाद्यांच्या संघटना, सभा आणि वृत्तपत्रे बंद पाडणारा कायदा मंजूर करून घेतला. तो पुढे बारा वर्षे टिकला. एकट्या माणसाचा फसलेला वार हा राजसत्तेला नेहमीच लाभतो. यशस्वी वारानंतर निदान गादी बदलते; फसलेल्या वारानंतर जुनाच राजा गादीवर राहतो, शिवाय लोकांची सहानुभूती घेऊन आणि हाताशी नवे कायदे घेऊन. तेव्हा पासान्नान्तेला हुतात्मा म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की, दळणावरचा कर भरणाऱ्या शेतकऱ्याला त्या चाकूने काय मिळवून दिले?

विरोधकांचे इतके मान्य केल्यावर आता त्यांच्याकडे वळू. राजावर हात टाकणारा तो गुन्हेगार, त्यात राजकारण शोधू नये, असे म्हणण्याचा हक्क कोणालाही असू शकतो, पण इटलीच्या राजसत्तेला तो नव्हता. ज्या ओर्सिनीचे नाव त्या लाल फडक्यावर होते त्याने १४ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या बग्गीवर बॉम्ब टाकले. सम्राट वाचला, आठ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. ओर्सिनीचा शिरच्छेद झाला; आणि त्याने तुरुंगातून लिहिलेले पत्र कोणी छापले? पिएदमाँतच्या, म्हणजे उम्बेर्तोच्याच साव्होया घराण्याच्या राज्याच्या, सरकारी राजपत्राने, तेथला पंतप्रधान काव्हूर याच्या संमतीने. कारण त्यात इटलीच्या मुक्तीची याचना होती आणि ती काव्हूरच्या सोयीची होती. याहून बोलके उदाहरण खुद्द नेपल्सचे आहे. ८ डिसेंबर १८५६ रोजी आजेसिलाओ मिलानो या शिपायाने लष्करी संचलनात रांग सोडून नेपल्सचा राजा फर्दिनांद दुसरा याला संगिनीने भोसकले. राजा वाचला, मिलानोला पाच दिवसांत फाशी झाली. चार वर्षांनी गॅरिबाल्डीने नेपल्स जिंकले, तेव्हा त्याने हुकूम काढून मिलानोच्या आईला निवृत्तिवेतन आणि बहिणींना हुंड्याची रक्कम मंजूर केली. त्या हुकुमाने तेव्हाही अनेकांच्या भुवया उंचावल्या, पण हुकूम निघाला तो साव्होयांचा राजा व्हित्तोरिओ एमानुएले याच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सत्तेकडून. शहर तेच, कृत्य तेच, राजा तसाच थोडक्यात वाचलेला. फरक इतकाच की, मिलानोने ज्याला भोसकले तो राजा पुढे हरलेल्या घराण्याचा निघाला. आणि पासान्नान्तेच्या आईला काय मिळाले? तिला आणि त्याच्या भावाबहिणींना आव्हेर्साच्या वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आले.

मराठी वाचकाला ही गोष्ट थोडी अनोळखी वाटेल, याचे कारण आपण इटलीची कथा अर्धीच वाचली आहे. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले, आणि त्याआधीपासून आपल्याकडच्या देशभक्तांच्या तोंडी मॅझिनी-गॅरिबाल्डी होतेच. त्या कथेत १८७० साली रोम मिळते आणि पडदा पडतो. मॅझिनीचा एक अधू हाताचा, खानावळीत राबणारा अनुयायी त्या एकसंध झालेल्या इटलीच्या राजावर चाकू घेऊन का धावला, हा प्रश्न पडद्यामागे राहतो. तो आपण विचारला नाही म्हणून इटालियनांनीही तो विचारू नये असे नाही.

खटला मार्च १८७९मध्ये दोन दिवसांत आटोपला. तज्ज्ञ डॉक्टरांनी आरोपी शहाणा असल्याचे सांगितले आणि त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. राजावरचा हल्ला फसला तरी शिक्षा देहान्ताचीच, असा कायदा होता; तेव्हा न्यायालयाने कायद्याबाहेर काही केले, असे म्हणता येणार नाही. मग राजाने दया दाखवली आणि मृत्युदंडाची जन्मठेप झाली. उम्बेर्तोच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा: ज्याने जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याला राजाने जीवदान दिले, आणखी काय हवे? येथे या जीवदानाचा तपशील पाहावा लागतो. पासान्नान्तेला एल्बा बेटावरच्या पोर्तोफेर्राइओ बंदरातल्या बुरुजात नेले. समुद्राच्या पातळीखालची, माणसाला नीट उभे राहता येऊ नये इतकी ठेंगणी, काळोखी आणि ओल धरलेली कोठडी. पायात सुमारे १८ किलो वजनाची साखळी. कोणाशी बोलायचे नाही, कोणाला भेटायचे नाही. असा तो सुमारे दहा वर्षे होता. स्कर्व्ही झाला, केस गेले, चेहरा सुजून विद्रूप झाला. बुरुजाजवळून जाणाऱ्या नावाड्यांना आतून किंकाळ्या ऐकू येत, असे सांगितले जाते. फाशीला साक्षीदार असतात, दिवस आणि वेळ ठरलेली असते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. या शिक्षेला यांपैकी काहीच नव्हते. दयेच्या हुकुमाने शिक्षा सौम्य झाली नाही, ती फक्त लोकांच्या नजरेआड गेली. आणि राजाच्या पदरी पुण्यही पडले. दोन्ही एकाच वेळी साधणारी दुसरी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

तेव्हाचा काळच तसा होता, आजच्या मोजपट्टीने एकोणिसावे शतक मोजू नका, हा आक्षेप येथे हमखास येतो, आणि सर्वसाधारणपणे तो मला रास्त वाटतो. पण या प्रकरणात तो टिकत नाही, कारण त्या काळाची मोजपट्टीच वेगळे सांगते. क्रूर शिक्षेविरुद्धचा युरोपातला सर्वांत प्रभावी युक्तिवाद १७६४ साली बेक्कारिया या मिलानच्याच माणसाने मांडला होता. तोस्काना या इटालियन संस्थानाने १७८६ साली मृत्युदंड रद्द केला होता, पुढे तो मधूनमधून परत आला, पण एकीकरणानंतरही तोस्कानात तो लागू नव्हता. आणि एल्बा बेट तोस्कानातलेच. म्हणजे ज्या भूमीत फाशी निषिद्ध होती तेथेच फाशीपेक्षा वाईट असे काही राज्यसंस्थेने उभारले. ते वाईट आहे, हे ओळखणारेही त्याच काळातले होते. संसद सदस्य आगोस्तीनो बेर्तानी, जे पेशाने डॉक्टर आणि गॅरिबाल्डीचे जुने सहकारी, यांनी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आन्ना मारिया मोझ्झोनी यांनी १८८०च्या दशकात हा छळ चव्हाट्यावर आणला. मग तज्ज्ञांनी कैद्याला तपासले. खटल्याच्या वेळी शहाणा ठरलेला माणूस आता वेडा ठरला, आणि त्याची रवानगी फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेलुपो येथील वेड्या कैद्यांच्या इस्पितळात झाली. हा शोध किती चमत्कारिक आहे पाहा: तो आधीपासून वेडा असेल तर शिक्षा अन्यायाची, आणि मागाहून वेडा झाला असेल तर त्याला वेडे करणारी शिक्षाच होती. सरकारी बाजूला तिसरे उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

त्याच शतकातला इंग्लंडचा दाखलाही पाहण्यासारखा आहे. १८४० साली एडवर्ड ऑक्सफर्ड या तरुणाने राणी व्हिक्टोरियाच्या बग्गीवर दोन पिस्तुले झाडली. त्याला वेडा ठरवून इस्पितळात ठेवले, तेथे तो भाषा आणि कला शिकला, आणि १८६७ साली देश सोडण्याच्या अटीवर सुटून ऑस्ट्रेलियात नव्या नावाने राहिला. पिस्तुलांत गोळ्या होत्या की नाही याबद्दलच तेव्हा शंका होती, म्हणून ही तुलना पुरती जुळत नाही, हे मान्य. पण सत्तावीस वर्षांनी का होईना, हल्लेखोराला सोडून देण्याइतका आत्मविश्वास एका राजसत्तेत होता आणि दुसरीला खानावळीतल्या स्वयंपाक्याची इतकी धास्ती होती, यातून त्या दुसरीच्या प्रकृतीबद्दल काही कळत नाही काय?

कठोर शिक्षेने इतरांना जरब बसते, हा उरलेला युक्तिवाद. २२ एप्रिल १८९७ रोजी आच्चारितो नावाच्या लोहाराने रोममध्ये उम्बेर्तोवर चाकूने हल्ला केला. २९ जुलै १९०० रोजी मोंझा येथे गाएतानो ब्रेशीने त्याच राजाला गोळ्या घालून ठार केले. ब्रेशी अमेरिकेतून परतलेला विणकर होता आणि त्याला सूड हवा होता तो मिलानचा: मे १८९८मध्ये तेथे महागाईविरुद्ध उठलेल्या लोकांवर जनरल बाव्हा बेक्कारिसने तोफा डागल्या, डझनावारी माणसे मेली, आणि राजाने जनरलच्या छातीवर सन्मानचिन्ह लावले. पासान्नान्तेच्या बुरुजाची कथा तोवर सगळ्या इटलीला माहीत झाली होती. तिने कोणाला रोखले, ते मला दिसत नाही.

पासान्नान्ते १४ फेब्रुवारी १९१० रोजी मोंतेलुपोत मरण पावला. मेल्यावर त्याचे शिर कापले गेले, कवटी आणि मेंदू गुन्हेगाराच्या शारीरिक खुणा शोधणाऱ्या शास्त्रासाठी राखून ठेवण्यात आले, आणि पुढे ते रोमच्या गुन्हेविषयक संग्रहालयात लोकांना पाहायला मांडले गेले. हे सारे त्या शास्त्राचा जनक लोंब्रोझो याने केले, असे वादात सर्रास ठोकून दिले जाते. लोंब्रोझोने खटल्याच्या काळात त्याच्यावर लिहिले होते आणि त्याला अर्धवट वेड्यांच्या वर्गात बसवले होते, हे खरे; पण तो स्वतः १९०९च्या ऑक्टोबरात वारला होता. मेलेल्या माणसाच्या माथी आणखी एक काम मारायची गरज नाही, त्याच्या विचारांचे वारस पुरेसे होते. आणि प्रश्न शास्त्राचा तरी कुठे होता? ते शास्त्र काही दशकांत निकालात निघाले, तरी मेंदूची बरणी काचेच्या कपाटातच राहिली. १९९९ साली एका न्यायमंत्र्याने अवशेष गावी नेण्यास संमती दिली, आणि प्रत्यक्ष दफन व्हायला मे २००७ उजाडला. ते गाजावाजा न करता उरकले गेले, ही तक्रार त्याच्या चाहत्यांनी केली. मला ती तक्रार क्षुल्लक वाटते. मेलेल्या कैद्याला पुरणे हा गौरव नव्हे, ती थकलेली बाकी होती.

आता गाव. हल्ल्यानंतर साल्व्हियाचा महापौर माफी मागायला नेपल्सला गेला, आणि जुलै १८७९मध्ये शाही फर्मानाने गावाचे नाव साव्होया दि लुकानिया झाले, म्हणजे ज्या घराण्यावर गावच्या मुलाने चाकू उगारला त्याच घराण्याचे. ही कल्पना काही नवी नव्हती. १७५७ साली फ्रान्समध्ये दामिएन या नोकराने पंधराव्या लुईला कलम करायच्या चाकूने किरकोळ जखमी केले. त्याला चार घोड्यांकरवी ओढून फाडण्यात आले, त्याचे जन्मघर जमीनदोस्त केले, बाप, बायको आणि मुलीला हद्दपार केले आणि बाकीच्या नातलगांना आडनाव टाकायला लावले. नाव पुसून शिक्षा देण्याची ही रीत क्रांतीपूर्व फ्रान्सची. घटना, संसद आणि छापील कायदेपुस्तक असलेल्या उम्बेर्तोच्या इटलीने ती शंभरावर वर्षांनी उचलली, आणि तीही एका घराण्यासाठी नव्हे, तर ज्यांतल्या बहुतेकांनी नेपल्स पाहिलेही नसेल अशा सबंध गावासाठी. कायद्याच्या कोणत्या कलमाखाली साल्व्हियाचे शेतकरी दोषी ठरले होते?

नाव तसेच ठेवावे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. पाच-सहा पिढ्या साव्होया या नावाखाली जन्मल्या आणि मेल्या. त्यांच्या लेखी हे नाव शिक्षा उरलेले नाही, ते घराचे नाव आहे. शिवाय २ जून १९४६च्या मतदानात इटलीने राजेशाही झुगारली तेव्हा बाझिलिकातासह दक्षिणेतले सगळे प्रांत राजाच्या बाजूने उभे राहिले होते, तेव्हा गावकऱ्यांना हे नाव टोचतेच असे गृहीत धरणे हाही वरून हुकूम सोडण्याचाच प्रकार होईल. प्रजासत्ताकाने साव्होया घराण्याच्या पुरुष वारसांना २००२पर्यंत देशात पाऊल ठेवू दिले नाही आणि त्यांचे नाव मात्र एका खेड्याच्या वेशीवर राहू दिले, ही विसंगती हसू आणणारी आहे, पण ती दूर करायची की नाही हे रोमने ठरवायचे नाही आणि पासान्नान्तेच्या भक्तांनीही नाही. इटलीच्या राज्यघटनेच्या १३३व्या कलमाप्रमाणे गावाचे नाव प्रांताच्या कायद्याने बदलते, आणि त्याआधी तेथल्या रहिवाशांचे मत घ्यावे लागते. १८७९ साली असे मत कोणी विचारले नव्हते. ते आज विचारायचे तर मतपत्रिकेवर साल्व्हिया आणि साव्होया ही दोनच नावे पुरेत. पासान्नान्तेचे नाव तिच्यावर छापण्याचे कारण नाही.